फ्रिजचा दसरा

दसरा काढायला, म्हणजे नवरात्राआधी घर धुवायला, घेतला की भागूबाईंना क्रम मोडलेला चालत नसे. आधी गोधड्या, मग माळ्यावरची भांडी, मग डबे, मग देव, आणि सगळ्यात शेवटी फ्रिज. घट बसायच्या आत घरातल्या एकूण एक वस्तूला पाणी लागलंच पाहिजे, हा त्यांचा नेम. फ्रिज घरात आला त्या वर्षी तोही नळाखाली धरायचा हट्ट त्यांनी केला होता, आणि आईला समजावताना अतुलच्या नाकी नऊ आले होते. शेवटी ओल्या फडक्यावर तडजोड झाली. अतुलला जाऊन दोन वर्षं झाली. तडजोड अजून टिकून होती.

यंदा मात्र कडूबाईनं क्रम मोडला. सोयगावहून ती पहिल्याच एसटीनं आली, पिशवी दारात टेकवली, चहा अर्धा प्यायली आणि फ्रिजचा प्लग काढून मोकळी झाली. रानात कापसाची वेचणी तोंडावर आली होती, संध्याकाळच्या गाडीनं तिला परत जायचं होतं, आणि गोधड्या काय, धुणारी धुवील, असं तिचं म्हणणं. लग्नाला तीस वर्षं झालेली लेक माहेरी आल्यावर तिला कोण अडवणार? भागूबाई पलंगावरून "आधी गोधड्या गं पोरी" म्हणेपर्यंत फ्रिजच्या पोटातला दिवा विझलाही होता.

अतुलच्या बायकोनं, रत्नमालानं, कमरेला पदर खोचला आणि फ्रिजसमोर जुनी चादर अंथरली. नणंदेशी वाद घालायचं तिनं लग्नानंतर पहिल्या दिवाळीतच सोडून दिलं होतं. त्यातून आज कडूबाई नुसती आवरायला आलेली नव्हती. ती न्याय करायला आली होती.

वाद होता तो याच फ्रिजचा. उस्मानपुऱ्यातल्या या घरात चुली दोन होत्या. खाली रत्नमाला आणि तिच्या सासूबाई. वर धाकटा दीर शिवराज, त्याची बायको तनुजा आणि कॉलेजात जाणारी सोनिया. चुली वेगळ्या झाल्या त्या दिवशी भागूबाईंनी भांडी वाटली, डबे वाटले, सांडशीसुद्धा एकीला ही आणि दुसरीला ती अशी वाटली. फ्रिज तेवढा वाटला नाही. तो जिन्याखालीच राहिला. "दूध एका जागी राहिलं की माणसं येत-जात राहत्यात," एवढंच त्या म्हणाल्या होत्या. तेव्हा सगळे हसले होते. रत्नमाला सगळ्यांपेक्षा जास्त हसली होती, कारण तेव्हा तिचं घर भरलेलं होतं.

आता तिला हसू येत नसे. मुलगा सार्थक पुण्याला, त्याचा फोन रविवारी. सासूबाई दुपारभर झोपलेल्या. पण सकाळी सोनिया दूध न्यायला उतरायची आणि मैत्रिणींच्या भानगडी सांगून जायची. तनुजा कोथिंबिरीला यायची आणि कोथिंबीर हातात घेऊन पाऊण तास उभी राहायची. संध्याकाळी शिवराज वाळूजच्या कंपनीतून आला की आधी फ्रिज उघडून बाटली तोंडाला लावायचा आणि मग चपला काढायचा. फ्रिजच्या दाराचं रबर सुटताना फट् असा आवाज होई, त्यावर रत्नमालाचा दिवस चालत असे. आणि आता वर दोन दरवाज्यांचा नवा फ्रिज यायचा होता, दसऱ्याच्या मुहूर्तावर.

तिनं विरोध केला होता, पण खरं कारण काही तिच्या तोंडून निघालं नाही. लाइटबिल वाढेल म्हणाली. आत्यांचा, म्हणजे सासूबाईंचा, शब्द मोडू नये म्हणाली. वरच्या खोलीत जागा कुठंय, असंही म्हणाली. या घरात तिची बाजू कायम घेणारा एकच माणूस होता, शिवराज. तो लहान असताना ती या घरात आली होती, त्याच्या शाळेचे डबे तिनं भरले होते. गेल्या आठवड्यात तोही मान खाली घालून म्हणाला, "येऊ द्या वहिनी. तिचं बी बरोबर हाय." ते तिला लागलं. तनुजाचं काहीच लागलं नव्हतं, पण ते लागलं.

आता कडूबाई चिलटं वारल्यासारखी पिशव्या बाहेर फेकत होती आणि न्यायही करत होती.

"माझ्याकडं सोयगावात दोन दरवाज्याचा हाय," ती म्हणाली. "त्यात बर्फ म्हणून धरत नाय. अन् तुम्ही शहरात राहून या म्हसोबाला शेंदूर फासत बसलाय."

"चालतोय तोवर चालू द्यावा, आक्का."

"चालतोय कुठं, रांगतोय. ह्यो बर्फ बघ. बिबट्या लपंल ह्याच्यात."

बर्फ खरंच फार धरला होता. वरच्या कप्प्याचं दार त्यात रुतून बसलं होतं. कडूबाईनं उलथनं मागितलं, तेव्हा रत्नमालानं पहिल्यांदा जोरात नाही म्हटलं. बर्फ खरवडायला गेलं की आतली नळी फुटते, गॅस जातो आणि मग फ्रिजची तिजोरी होते. तिनं कढत पाण्याचं पातेलं आणून आत ठेवलं, दार नुसतं टेकवलं आणि थांबायचं म्हणाली. थांबणं कडूबाईच्या रक्तात नव्हतं, म्हणून तिला दाराच्या रबराच्या कामाला लावलं. रबराच्या घड्यांत वर्षभराचं काय काय काळं होऊन बसलेलं असतं. बोटाला फडकं गुंडाळून, खायच्या सोड्याच्या पाण्यात बुडवून ते घडी घडीनं काढावं लागतं. रत्नमाला स्वतः मागच्या भोकाशी बसली. बर्फाचं पाणी तिथून खाली उतरतं, ते तुंबलं की भाजीच्या खणात तळं साचतं. झाडूची काडी घालून तिनं ते मोकळं केलं. आतून मेथीचं एक वाळकं पान निघालं.

भागूबाई परातीपाशी बसून डबे उघडून वास घेत होत्या. वरच्यांचं डावीकडं, खालच्यांचं उजवीकडं. वरच्यांची अंडी त्यांनी पदराच्या टोकानं सरकवली. नातीचा चेहऱ्याला लावायचा लेप त्यांनी चटणी समजून चाखला आणि काही न बोलता पाणी प्यायल्या.

"रत्ना, भगरीचा डबा दे इकडं," त्या म्हणाल्या. "चाळून ठेवते. नवरात्रात घाई नको."

भगरीच्या पिठाचा डबा बर्फाच्या अगदी खालच्या ट्रेमध्ये असायचा. किडे लागू नयेत म्हणून रत्नमालानंच तो तिथं ठेवलेला. उपवासाचा डबा, आंघोळ केल्याशिवाय आणि उपास असल्याशिवाय त्याला कुणी हात लावायचा नाही, असा घरचा दंडक होता. त्यामुळं वर्षभर त्याच्याकडं कुणी बघतही नसे. डब्याचं बूड ट्रेला चिकटून बसलं होतं. कढत पाण्याचा हात फिरवून तिनं तो सोडवला आणि किडा आहे का बघावं म्हणून तिथंच झाकण उघडलं.

पिठावर प्लास्टिकची पिशवी होती. पिशवीत इन्सुलिनची दोन पेनं.

ती वस्तू तिला ओळखावी लागली नाही. अतुलची अशीच पेनं याच फ्रिजच्या दारात, लोणच्याच्या बाटलीशेजारी, वर्षानुवर्षं उभी होती. तो गेल्यावर तिनं ती दवाखान्यात देऊन टाकली आणि त्या जागी मुद्दाम काहीच ठेवलं नाही. तिनं एक पेन उजेडात धरलं. आत औषध नव्हतं, बर्फ होता. पांढरा, कडक बर्फ, शेंदेलोणाच्या खड्यासारखा.

"घावला का डबा?" सासूबाईंनी विचारलं.

रत्नमालानं झाकण लावलं. "वास लागलाय पिठाला, आत्या. गच्चीवर ऊन दाखवून आणते."

"भगरीला कसला गं वास?"

"फ्रिजचा," ती म्हणाली आणि जिन्याला लागली.

जिना चढताना तिच्या मनात जे आलं ते तिचं तिलाच आवडलं नाही. भावासारखीच शिवराजलाही शुगर निघाली, सुईपर्यंत गेली, हे पहिलं यायला हवं होतं. ते आलंही. पण त्याच्या पाठोपाठ, अगदी पायरीच्या अंतरानं, दुसरं आलं: म्हणजे नवा फ्रिज हवाय तो यासाठी. आईच्या नजरेआड औषध ठेवायला. डबा खाली नेऊन सगळ्यांसमोर उघडला, तर लपवायला काही उरणार नाही. मग नवा फ्रिज कशाला? औषध दारात राहील, जिथं अतुलचं होतं, आणि दाराचं फट् चालू राहील. तिला फक्त चार पायऱ्या उतरायच्या होत्या. ती तिथंच कठड्याला हात धरून उभी राहिली. मग वर गेली.

गच्चीवर तनुजा साबणाच्या पाण्यात गोधडी तुडवत होती. साडी गुडघ्यापर्यंत खोचलेली, पाय फेसात. डबा बघितला आणि तिचे पाय थांबले.

"फ्रिज तर शेवटी असतो," ती म्हणाली.

"आक्कानं आधी काढला."

"आत्यांनी बघितलं?"

"नाही."

तनुजा फेसातून बाहेर आली नाही. आज गोधड्या झाल्या की दुपारी डबा काढून घ्यायचा तिचा बेत होता. कधीपासून, असं रत्नमालानं विचारलं. गुढीपाडव्यापासून ह्यांना गोळ्या होत्या, ती सांगत गेली, मग पोळ्याच्या आधी डॉक्टरांनी सुई लावली. उघडलेलं पेन ते कंपनीच्या बॅगेतच ठेवतात. हे पुढं लागणारं. आधी भाजीच्या खणात होतं, पण सोनियाचा हात तिथं सारखा. मग हा डबा सुचला. कुणी हात लावत नाही.

"कुणी लावत नाही खरं," रत्नमाला म्हणाली. "पण बर्फानं लावला. गोठलंय ते. एकदा गोठलं की त्याचं पाणी झालं नुसतं. सुई टोचायची न् अंगी काही लागायचं नाही."

तनुजानं डबा हातात घेतला. पेन वर धरलं, तिरपं केलं. आतलं हललं नाही. तिचा चेहरा हळूहळू उतरत गेला. याआधीचंही त्याच डब्यातलं होतं, ती म्हणाली. शुगर उतरतच नव्हती. तीनदा तपासलं. ती त्यांच्यावर चिडायची, बाहेर चोरून काही खाता म्हणून. एकदा तर बोलणंच टाकलं होतं. डॉक्टरांनी डोस वाढवत वाढवत जवळजवळ दुप्पट केला.

रत्नमाला एकदम सावध झाली. "भाऊजी कुठंयत?"

"पैठण गेटला. घटाचं सामान आणायला."

"आधी फोन लाव. नवं पेन आणलं तर तो वाढवलेला डोस घ्यायचा नाही म्हणावं. आजपर्यंत फुकट गेलेलं होतं, नवं खरं असेल. त्या डोसानं शुगर एकदम खाली जाईल, चक्कर येऊन पडतील. डॉक्टरांशी बोल म्हणावं, ते सांगतील तेवढंच."

तनुजानं ओल्या हातांनीच फोन लावला. दोन्हीकडून थोडं बोलणं झालं. फोन ठेवल्यावर ती कठड्याला टेकली. शेजारच्या गच्चीवरही गोधड्या वाळत होत्या. सगळ्या उस्मानपुऱ्याचा दसरा निघाला होता.

"मला तरी सांगायचं होतं, तनू," रत्नमाला म्हणाली. "ह्यांचं सगळं मीच केलं. मला काय येत नव्हतं?"

"तुम्हाला सगळं येत होतं, म्हणूनच नाही सांगितलं."

रत्नमाला बघत राहिली.

"रागावू नका, ताई," तनुजा हळू आवाजात म्हणाली. "आत्यांना सांगायचं नाही, हे ह्यांचं. एक पोरगा असा गेला, दुसऱ्याचं कसं सांगू म्हणतात. पण तुम्हाला सांगायचं नाही, ते माझं. तुम्ही माझ्याकडं बघितलं असतं ना, आत्ता बघताय तसं. मला ती नजर नको होती. मी दूध न्यायला उतरते, तर तुम्ही एकट्या बसलेल्या असता फ्रिजजवळच्या खुर्चीवर. मला दर वेळी वाटतं, ही खुर्ची मला ठेवलेली आहे."

रत्नमालानं खाली वाकून गोधडीचं एक टोक उचललं. तनुजानं दुसरं धरलं. दोघींनी मिळून ती पिळली. एकीनं उजवीकडं, दुसरीनं डावीकडं. बरंच पाणी निघालं.

"फ्रिज आण तू," गोधडी दोरीवर टाकताना रत्नमाला म्हणाली. "मी आता आड येत नाही. आपल्या घरातलं दार आपणच उघडावं असं कुणालाही वाटेल. पण औषध लपवू नको. ह्यांनी पहिली दोन वर्षं माझ्यापासून लपवलं होतं. मूत्रपिंडं गेली ती त्या दोन वर्षांत. पुढं मी सेवा केली म्हणून सगळे माझं नाव घेतात, पण तोवर उशीर झाला होता. लपवलेलं औषध कुणाच्याच कामाचं नसतं. सांगायचं की नाही ते तुम्ही दोघं ठरवा, मी तोंड उघडणार नाही."

ती डबा तिथंच ठेवून खाली आली.

खाली बर्फ सुटला होता. मोठमोठे तुकडे धप्पकन पातेल्यात पडत होते आणि प्रत्येक तुकड्याला कडूबाई गावाकडच्या एकेका माणसाचं नाव ठेवत होती. रत्नमालानं सगळे ट्रे सोड्याच्या पाण्यानं पुसले, मग साध्या पाण्यानं, मग कोरडे केले. मागं हात घालून जाळीवरची धूळ झाडली. ती काम करत होती तोवर कडूबाईनं विषय काढलाच. वरच्या फ्रिजचं काय ठरलं, आपल्याला गाडी आहे.

भागूबाईंनी हातातला डबा खाली ठेवला. "मी फ्रिज वाटला नाय तवा दिवस निराळे व्हते," त्या म्हणाल्या. "पर रत्नाचं मन मोडून नाय. तू सांग गं. तुला काय वाटतं?"

रत्नमालानं प्लग लावला. फ्रिज एकदा थरथरला आणि गुणगुणायला लागला.

"येऊ द्या वर फ्रिज," ती म्हणाली. "पोरगी मोठी झाली, त्यांचा पसारा वाढला. एकात मावत नाही."

कडूबाई न्याय करायला आली होती आणि न्यायाला काही शिल्लकच राहिलं नाही, म्हणून जरा हिरमुसली. लाइटबिलाचं काय, असं तिनंच विचारून पाहिलं. भागूबाई मात्र सुनेकडं बराच वेळ बघत राहिल्या. मग डबे एकेक करून आत द्यायला लागल्या.

तेवढ्यात शिवराज आला. एका हातात घटाची परडी आणि माती, दुसऱ्या हातात मेडिकलची छोटी पिशवी, बर्फाच्या पुडीसकट. मागून जिन्यावरून तनुजाही उतरली आणि शेवटच्या पायरीवर थांबली. शिवराजनं परडी खाली ठेवली. पिशवी ठेवली नाही. त्यानं एकदा बायकोकडं बघितलं, एकदा वहिनीकडं. रत्नमाला फडकं पिळत होती. तिनं मान वर केली नाही.

त्यानं फ्रिजचं दार उघडलं आणि पेनाचं खोकं दारातल्या मोकळ्या जागेत उभं केलं. ते ठेवून तो बाजूला झाला, म्हणजे आईला दिसावं.

भागूबाईंचे हात थांबले. त्यांना अक्षर वाचता येत नव्हतं, पण ते खोकं त्यांनी पुष्कळ बघितलं होतं.

"हे कोणाचं?"

"माझं हाय, आई," शिवराज म्हणाला.

कडूबाई फडकं हातात धरून तशीच राहिली. भागूबाईंनी पदर तोंडाशी नेला आणि तसाच खाली आणला. रत्नमालाला वाटलं, आता त्या अतुलचं नाव घेतील. तनुजाला तर पुढं व्हावं की नाही तेच समजेना.

"जेवायच्या आधी घ्यायचं का मागून?" भागूबाईंनी विचारलं.

आधी, शिवराज म्हणाला. डॉक्टरांशी बोलणं झालंय, सुरुवातीचाच डोस घ्यायचा आणि उद्या येऊन दाखवायचं.

"मंग हे इथंच राहील," भागूबाई म्हणाल्या. "तुमचा नवा फ्रिज खुशाल आणा. औषध माझ्या डोळ्यासमोर पायजे. दोन्ही वक्ताला खाली यायचं अन् इथं घ्यायचं."

रत्नमालाच्या हातातलं फडकं तसंच राहिलं. तिला हवं होतं ते सगळं, न मागता, सासूबाईंनी एका वाक्यात तिच्या ओटीत टाकलं होतं. दोन्ही वेळा. रोज. फक्त गप्प बसायचं होतं.

"नको, आत्या," ती म्हणाली. "वरच राहू द्या. ज्याचं औषध त्याच्या हाताशी असावं. कधी पाऊस, कधी कंटाळा, कधी पाहुणे; खाली उतरायचं राहिलं की सुई राहते. ह्यांची तर हाताशी असून राहायची. तोवर इथं ठेवा, नवा फ्रिज आला की वर न्या."

भागूबाईंनी वाद घातला नाही. या एका बाबतीत घरात कुणाचा अनुभव मोठा, हे त्यांनाही माहीत होतं. शिवराजनं खोकं पुन्हा बाहेर काढलं, एक पेन त्यातून घेतलं, आणि शाळेत जाताना बटण तुटलं की उभा राहायचा तसा वहिनीसमोर उभा राहिला.

"हिला शिकवा," तो म्हणाला. "तिला अजून जमत नाय. मला बी."

"वर येऊन शिकवा, ताई," पायरीवरून तनुजा म्हणाली. "रोज या. मला येईपर्यंत." मग जरा थांबून, "यायला लागलं तरी या."

रत्नमालानं फडकं ठेवलं, हात साबणानं धुतले, कोरडे केले. तनुजाला जवळ बोलावलं आणि पेनावरचा आकडा तिलाच वाचायला लावला. पेन थोडा वेळ तळहातात धरून ठेवायचं, गार औषध झोंबतं, हे सांगितलं. शिवराजनं सदरा वर केला. पोट सुटलेलं होतं. कडूबाईला त्यावर काहीतरी सुचलं होतं, पण तिनं गिळलं. तनुजाच्या हातावर आपला हात ठेवून रत्नमालानं कातडीची चिमूट धरली. सुई गेली. दोघींनी मिळून दाबलं आणि सावकाश मोजेपर्यंत धरून ठेवलं.

"आता उशीर नको," भागूबाई उठत म्हणाल्या. परातीत मांडलेल्या दोन्ही चुलींच्या भाज्यांकडं त्यांनी एकदा बघितलं, आणि त्यातल्या कुठल्या वरच्या नि कुठल्या खालच्या हे न बघता हाताला आली ती पातेली उचलली. "सुई घेतल्यावर माणसाला ताटकळत ठेवू नये. कडू, गाडी बिडी राहू दे. पानं घे."

कडूबाईनं कपाळावरचा घाम पुसला. "किती?" तिनं विचारलं.

"सगळ्यांची."

तनुजा वरून भाकरी आणायला पळाली. रत्नमालानं गॅस पेटवला.